मागच्या सायकलीचा आवाज

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं सायकलचं दुकान आहे. दुकान कसलं, सहा बाय आठचा गाळा, अर्ध्या सायकली बाहेरच. बत्तीस वर्षं झाली तिथे बसून. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून हातात पानाच. ह्या धंद्यात एक गोष्ट शिकलो. सायकल आवाज करते म्हणजे तिला काहीतरी दुखतंय. कटकट झाली तर बेअरिंग गेलं, चूंचूं केलं तर चेन सुकली, खडखड वाजली तर कुठलातरी नट ढिला. आमची बायको बोलते, माणसांचं तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि सायकलीचं पूर्ण. खरंय ते. आणि त्याच कानाने त्या दिवशी घात केला.

त्र्यंबक आगाशे माझं जुनं गिऱ्हाईक. नौपाड्यात राहतात, वय चौऱ्याहत्तर. पूर्वी कळव्याला एका कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं काढायचे. त्यांच्या मिसेस हेमाकाकू टेलिफोनच्या ऑफिसात होत्या आणि ऑफिसला सायकलने जायच्या. तेव्हा बाईमाणूस सायकलवर दिसलं की लोक वळून बघायचे. काकू अशा लोकांना मुद्दाम घंटी मारून पुढे जायच्या. नवराबायको दोघांच्या सायकली दर दिवाळीच्या आधी माझ्याकडे यायच्या, चुकल्या नाहीत कधी.

तीन वर्षांपूर्वी काकूंच्या डोक्यातलं काहीतरी निसटायला लागलं. आधी गॅस चालू राहायला लागला. मग शेजारणीचं नाव गेलं, मग स्वतःच्या मुलीचं. मागच्या दिवाळीनंतर एकदा चपला न घालता घरातून निघाल्या, त्या थेट माजिवड्याच्या पुलाखाली सापडल्या. ट्रॅफिक हवालदाराचा हात धरून उभ्या होत्या आणि त्यालाच रस्ता क्रॉस करून देत होत्या. बिल्डिंगमधले लोक हे सांगून हसायचे. आसावरी नाही हसली. आसावरी त्यांची एकुलती मुलगी, डोंबिवलीला सासरी असते, नोकरी करते. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून मी तिला बघतोय. तिने बापाला साफ सांगितलं. बदलापूरच्या पुढे एक संस्था आहे, अशाच पेशंटची, मी बघून आलेय, चांगली आहे. तुम्ही नको म्हणता म्हणून थांबलेय. पण आई अजून एकदा हरवली तर तुमचं ऐकणार नाही.

काकांना ते पटत नव्हतं असं नाही. त्यांच्याच्याने होत नव्हतं. बावन्न वर्षांचा संसार. दुकानात स्टुलावर बसून मला बोलले, "विश्राम, ती घरात माझी नसते रे. सायकलवर असते."

आणि हे मी पण डोळ्यांनी बघितलेलं. रविवारी पहाटे दोघं तलावपाळीला चक्कर मारायचे. काका पुढे, काकू मागे. घरात ज्या बाईला बाथरूम कुठे ते सापडत नव्हतं, ती पॅडलवर पाय ठेवला की सरळ. ब्रेक बरोबर, हात दाखवणं बरोबर, खड्डा चुकवणं बरोबर. काकांचं मागचं चाक धरून चालायच्या, बस्स. ते वळले की वळायच्या, ते थांबले की थांबायच्या.

काकांच्या मानेत स्पॉन्डिलायटिस. मान अजिबात वळत नाही, मागे बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागतो. मी त्यांना हँडलला आरसा लावतो बोललो होतो. तर मला बोलले, मी काय रिक्षा चालवतो?

जानेवारीच्या शेवटाला ते आले आणि एक दिवस मागितला. अख्खा दिवस, डोंगरात, घाई नाही, गाड्या नाहीत. लग्न नवीन असताना दोघं सायकलने मुरबाडच्या बाजूला खूप फिरलेले. टोकावड्याच्या पुढे एक रस्ता आत जातो, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी, शेवटाला महादेवाचं देऊळ. बारा किलोमीटर जायचं, बारा यायचं. तिला तिथे एकदा न्यायचंय, परत जमेल न जमेल. तू बरोबर चल.

मी विचारलं, आसावरीला माहितीये का. काका स्टुलावरची धूळ पुसायला लागले. मग बोलले, कल्याणला शालनकडे हळदीकुंकवाला जातोय असं सांगितलंय. शालन म्हणजे काकूंची मावसबहीण.

मी नाही बोलायला पाहिजे होतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पोरीशी खोटं बोलून बायकोला फिरायला नेतोय, त्याला नाही कसं बोलणार. मी फक्त एक अट घातली. काका पुढे, काकू मध्ये आणि मी शेवटी. माझ्या मागे कोणी राहणार नाही.

माझ्या मेव्हण्याचा, संदेशचा छोटा हत्ती टेम्पो आहे. पहाटे साडेपाचला त्यात तीन सायकली टाकल्या आणि निघालो. आठला टोकावड्याला उतरलो. संदेशला तिथेच थांबायला सांगितलं, कारण आत मोबाईलला रेंज नसते. तो बोलला, मी झोपतो, चार वाजता उठवा.

सकाळ फार चांगली गेली. ते सांगितलं पाहिजे, नाहीतर नुसती वाईट गोष्ट होईल. थंडी होती. भात कापून झालेला, खाचरांत नुसते बुडखे, आणि त्याच ओलीवर वाल पेरलेला, हिरवागार. शेतातल्या लाकडी माळ्यांवर पेंढा रचलेला. धुकं नदीवरून हळूहळू उठत होतं आणि पुढचा डोंगर एकदम भिंतीसारखा उभा. काकूंनी निळा स्वेटर घातलेला आणि डोक्याला रुमाल. त्या मध्येच हँडल सोडून एका हाताने काहीतरी दाखवायच्या. बगळे, शेळ्या, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. एकदा त्यांनी मागे वळून मला विचारलं, "विश्राम, तुझी पोरगी दहावी झाली का?" माझी पोरगी दहावी होऊन नऊ वर्षं झाली, पण नाव माझंच घेतलं होतं. मी बोललो, झाली काकू, फर्स्ट क्लास.

एक गोष्ट मात्र मला पूर्ण रस्ताभर खात होती. काकूंच्या सायकलीचं चेनकव्हर. त्याचा मागचा क्लिप कधीच तुटलेला, त्या मापाचा आता मिळत नाही, त्यामुळे पत्रा खडखड खडखड वाजायचा. दिवसा ठाण्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही. तिथे त्या शांततेत दुसरा आवाजच नव्हता. पक्षी आणि ते कव्हर. मी मागे बसून दात खात होतो. तीस वर्षं जिची सायकल बघतोय तिचं कव्हर वाजतंय, लाज वाटायला पाहिजे मिस्त्रीला.

देवळापर्यंत गेलो, डबा काढला, थोडं खाल्लं, थोडं संध्याकाळसाठी ठेवलं. परतीला लागलो. साडेअकराच्या सुमाराला रस्त्यात एक चहाची टपरी लागली. तिथे धोंडीबा नावाचा एक दूधवाला पंक्चर सायकल घेऊन बसलेला. दोन्ही बाजूंना कॅन. टोकावड्याला जायचं होतं आणि हवा भरून भरून माणूस थकलेला. मी पिशवी उघडली. ट्यूब काढली, तर ती इतकी सडलेली की मी सरळ माझ्याकडची दुसरी टाकायला घेतली. जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि डोक्यात आलं, अरे, हीच कव्हरला लागेल की. पट्टी दुहेरी केली, पत्रा आणि फ्रेमच्या मध्ये दाबली, तारेने आवळली. चाक फिरवलं. गप्प. एकदम गप्प. काकूंनी टाळी वाजवली. काका बोलले, "वा, काय शांत झाली."

मला इतकं बरं वाटलं.

धोंडीबाचं चाक अजून उघडंच होतं. काका बोलले, आम्ही हळूहळू पुढे होतो, ऊन वाढतंय. मी बोललो, व्हा पुढे, पाच मिनिटांत गाठतो. माझीच अट होती, माझ्या मागे कोणी नाही. आणि मीच मागे बसलो. पाच मिनिटांची वीस झाली. टायर बसवला, मग धोंडीबाचा ब्रेक पण बघितला, कारण तो लागतच नव्हता. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही.

तीन किलोमीटरवर मी काकांना गाठलं. एका मोरीच्या कठड्याला पाय टेकून ते उभे होते, पाण्याची बाटली उघडत होते आणि बोलत होते. समोर बघून बोलत होते. इगतपुरीला कुठल्यातरी हॉटेलात रात्री खोलीत बेडूक आला होता, ते सांगत होते. त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

मी बोललो, "काका, काकू कुठायत?"

"ही काय मागे," ते बोलले.

मग त्यांनी सायकलवरून पाय काढला, अख्खे वळले आणि बघितलं. रस्ता सरळ होता. लांबपर्यंत दिसत होता. बाटलीचं पाणी त्यांच्या चपलेवर सांडत होतं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी तिच्याशी बोलतोय रे," ते बोलले. "टपरीपासून बोलतोय."

मी सायकल फिरवली आणि मारली. टपरीवाली बोलली, बाई परत इकडे नाही आली. म्हणजे मधल्या तीन किलोमीटरमध्येच कुठेतरी. त्या तीन किलोमीटरमध्ये दोन फाटे होते. एक नदीकडे उतरत होता, एक डोंगराकडे पाड्यांवर चढत होता. मी नदीकडचा घेतला, काका रस्त्याने मागे येत होते, हाका मारत. त्यांच्या हाका मला खालपर्यंत ऐकू येत होत्या. हेमा. हेमा. आधी जोरात, मग साध्या, घरात हाक मारतात तशा.

नदीकडे जाताना एक विहीर लागली. कठडा नाही, काही नाही, जमिनीला भोक पाडल्यासारखी. मी सायकल टाकून पोटावर झोपलो आणि आत बघितलं. पाणी खोल होतं, काळं, त्यावर एक पान. मी कितीतरी वेळ ते पान बघत होतो.

मोळी घेऊन एक बाई येत होती, तिला विचारलं. पांढरे केस, निळा स्वेटर, सायकल. तिने नाही पाहिली. पुढे एक गुराखी म्हातारा, त्याला ऐकू कमी, त्याने मला दोनदा नाव विचारलं आणि मग आपल्याच म्हशीची कंप्लेंट सांगितली.

एक वाजला असेल तेव्हा सायकल दिसली. नदीवर छोटा बंधारा होता, त्याच्या अलीकडे एका आंब्याखाली सायकल उभी होती. नीट स्टँडवर. कुलूप लावलेलं आणि चावी काढून नेलेली. काकूंची पद्धतच ती, चावीशिवाय सायकल कधी सोडली नाही. आणि तिथून दहा पावलांवर पाणी.

मी काकांना हाक मारली नाही. आधी पाण्यात उतरलो. मला पोहता येत नाही. कमरेपर्यंत गेलो, हाताने चाचपत, शेवाळात पाय सरकत होते. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला गेलो, दगडांमध्ये बघितलं. निळा रंग दिसला की तिकडे हात घालायचो. एकदा प्लास्टिकची पिशवी होती, एकदा कोणाची तरी जुनी बादली. वर आलो तर काका आंब्याखाली उभे होते, सीटवर हात ठेवून. सीट गरम आहे का बघत होते की काय कोण जाणे. उन्हाने गरम असणारच.

मी बोललो, काका, आता आपल्याच्याने होणार नाही. मी टोकावड्याला जातो. पोलिसांना सांगू, आसावरीला फोन करू, माणसं आणू.

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड बघा.

"आसावरीला नाही. एक तास दे मला. ती सापडेल. फोन केलास तर सापडून पण माझी राहणार नाही."

आणि मी ऐकलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. एक माणूस पाण्यात असेल की जंगलात, माहीत नाही, आणि मी एक तास दिला. एकाचे दोन झाले. आम्ही बंधाऱ्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, करवंदाच्या जाळ्या बघितल्या, पेंढ्यांच्या माळ्यांखाली वाकून बघितलं. काकांची मान वळत नाही, तर ते दर दोन पावलांनी अख्खे गोल फिरून बघत होते, भोवऱ्यासारखे. हाताला काटे लागून रक्त येत होतं. मी बोललो बसा, तर बसले नाहीत.

तीन वाजता माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर ओरडलो. जन्मात कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही मी. बोललो, तुम्हाला वीस मिनिटं कळलं नाही? बायको मागे नाही हे माणसाला कळत नाही?

ते हळू बोलले, अगदी एखादा हिशेब समजावतात तसं. "ती मागे वाजत असते ना. मागे वाजतंय म्हणजे ती आहे. मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही, पण वाजत असतं. आज वाजत नव्हतं, तर मला वाटलं तू दुरुस्त केलंयस म्हणून वाजत नाही."

मी नदीच्या वाळूत उकिडवा बसलो. बत्तीस वर्षं आवाज ऐकून रोग सांगतो, आणि हा एक आवाज कशासाठी आहे ते मला समजलं नाही. त्यांना स्वतःला पण माहीत नव्हतं ते. मी काढून टाकेपर्यंत दोघांनाही कळलं नव्हतं.

मग मी त्यांचं ऐकलं नाही. सायकल उचलली आणि टोकावड्याकडे निघालो.

फाट्यावर आलो तर समोरून धोंडीबा. दूध घालून रिकामे कॅन वाजवत परत येत होता, नव्या ट्यूबवर खुश. मला बघून थांबला. माझी पँट ओली, तोंड कसं झालेलं माहीत नाही. मी सांगितलं. पोलीस, फोन, सगळं एका दमात बोललो.

तो बोलला, "मिस्तरी, पोलीस येईस्तोवर काळोख पडंल. थांबा जरा."

सायकल रस्त्यात आडवी टाकून तो बांधावर चढला. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्याने हाळी दिली. मी असा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक माणूस, पण आवाज डोंगराला जाऊन लागला. म्हातारी बाय, निळा सुटर, पांढरी केसं, पायलीस काऽऽ. मग गप्प राहिला. मी विचारणार होतो काय झालं, त्याने हात वर केला. थोड्या वेळाने समोरच्या उतारावरून कोणीतरी तीच हाळी पुढे दिली. तिच्या पलीकडून अजून कोणी तरी, ती अगदी पुसट. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर, तिथून तिसऱ्या. रेंज नाही तिथे लोक असेच निरोप धाडतात, गुरं हरवली तरी, माणूस गेलं तरी. माझ्या मनात आलं ते दुसरंच. उत्तर काय येईल? हो आलं, तर ते कसलं हो असेल?

दहा मिनिटं गेली असतील. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दहा मिनिटं. मग समोरून आवाज आला, मला एक शब्द कळला नाही. धोंडीबाने ऐकलं आणि उतरला.

"सखुबायकडं हाय. शेंगा सोलत बसलीय."

मी रस्त्यातच बसलो. मग उठून नदीकडे पळालो, कारण काकांना सांगायचं होतं.

बंधाऱ्यावरून पलीकडे गेलो तिघं, धोंडीबा पुढे वाट दाखवायला. पलीकडे चढ होता, अर्ध्या तासाचा. काका कुठे थांबले नाहीत. एकदा फक्त विचारलं, सोलत बसलीय म्हणाला ना, बसलीय म्हणाला ना. धोंडीबा बोलला, हां बाबा, बसलीय.

पाड्यावर सहा घरं. पहिल्याच घराच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर काकू बसल्या होत्या. पुढ्यात सुपात वालाच्या शेंगा, मांडीवर पदर पसरून त्यात दाणे. शेजारी सखुबाई, वय काय सांगावं, सत्तर असेल, ऐंशी असेल. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. नुसत्या सोलत होत्या, वर्षानुवर्षं शेजारी असल्यासारख्या. सखुबाईने सांगितलं, बाई दुपारी बंधाऱ्यावरून चालत आली, आमची शेळी सुटली होती ती धरून घेऊन आली आणि बसली. आम्हाला वाटलं कोणाची तरी पाहुणी असेल, उन्हातून आलीय तर बसू दे. नदीवरून येणाऱ्याजाणाऱ्या माणसाला कोण विचारतं तुम्ही कोण म्हणून.

काका काकूंसमोर जाऊन उभे राहिले. धाप लागलेली. काकूंनी वर बघितलं.

"कोण हवंय आपल्याला?"

ठाण्याच्या टेलिफोनच्या ऑफिसातल्यासारखा आवाज. एकदम स्वच्छ.

मग काकूच बोलल्या, "आमचे हे पुढे गेलेत. मी इथे थांबलेय त्यांच्यासाठी. तुम्ही बसा हवं तर."

आणि ते बसले. गुडघे धरून, हळूहळू, मातीत. सुपातली शेंग घेतली आणि सोलायला लागले. त्यांच्या हातून दाणे खाली पडत होते, आणि काकू ते उचलून पदरात टाकत होत्या. थोड्या वेळाने काकूंनी विचारलं, एकटेच आलात का. ते बोलले, "नाही. दोघं होतो."

मी अंगणाबाहेर गेलो. तिथे एक गोठा होता, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. धोंडीबा आला, बिडी पुढे केली. मी ओढत नाही, पण घेतली.

सूप रिकामं होत आलं तेव्हा काकूंनी एकदम मान वर केली आणि बोलल्या, "अहो, किती वाजले? शालनकडे जायचंय ना आपल्याला?" काका हसले. रडले की हसले, बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि बोटांतली सालं काढत बसले.

मी जवळ गेलो, वाकलो आणि त्यांच्या कानात बोललो. काका, आता ठीक आहे सगळं. कोणाला सांगायची गरज नाही. मी तोंड उघडणार नाही, संदेशला तर काही माहितीच नाही, तो अजून झोपलेला असेल. सातपर्यंत ठाण्याला पोचू. हळदीकुंकू झालं म्हणून सांगा.

मनापासून बोललो मी ते. माझी चूक होती, मला ती झाकायची पण होती, खोटं कशाला बोलू.

काकांनी सखुबाईला विचारलं, इथे फोन कुठून लागतो. तिने वरच्या टेकाडाकडे बोट केलं, तिथे चिंचेखाली रेंजची एक काडी येते. ते उठले. मी बरोबर गेलो, कारण वाट दगडांची होती आणि माणूस सकाळपासून उभा होता.

चिंचेखाली त्यांनी फोन उंच धरला, मग कानाला लावला. सूर्य डोंगराच्या मागे गेलेला, खालची दरी सावलीत आणि वरचा कडा अजून उजेडात. सकाळी ह्याच डोंगराकडे बघून मी बोललेलो, काय देखणा आहे.

"आसावरी," ते बोलले. "आम्ही कल्याणला नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो. आज तुझी आई हरवली होती. पाच तास. सापडली, बरी आहे, पण हरवली होती." मग ऐकत राहिले. मग बोलले, "नाही, तिची चूक नाही. विश्रामची पण नाही. माझ्याच्याने होत नाही गं आता. तू ते बघून आलीस ना, तिकडे कर. उद्या कर. नंतर मी परत नाही म्हणेन, तेव्हा ऐकू नकोस."

मग काकांनी फोन माझ्याकडे दिला आणि दगडावर बसले, पाठ माझ्याकडे करून.

मला वाटलं आता शिव्या बसतील. बसायला पाहिजे होत्या. मी हॅलो बोललो.

"विश्रामदादा," ती बोलली. रडत होती, पण आवाज सरळ ठेवत होती. "आई जेवली का?"

मला माहीतच नव्हतं. सबंध दिवसात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी टेकाडावरूनच खाली ओरडलो, बाईने काही खाल्लं का. सखुबाई अंगणातून ओरडली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि कालवणात मीठ कमी हाय बोलली. मी ते तसंच फोनवर सांगितलं. आसावरीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिचा आवाज फाटला.

"आणि बाबा?"

मी काकांकडे बघितलं. दगडावर बसलेले, हातावरच्या ओरखड्यांवर रक्त सुकलेलं, मान सरळ समोर.

"नाही," मी बोललो. "देवळात डबा खाल्ला, त्यानंतर काही नाही."

"मग त्यांना आधी काहीतरी खायला घाला. हलू नका तिथून. मी निघतेय. रस्ता सांगा."

मी सांगायला लागलो. कल्याणवरून मुरबाड, मुरबाडवरून सरळगाव, मग टोकावडं, तिथे उजव्या हाताला एक छोटा हत्ती उभा असेल, त्यातल्या माणसाला उठव, त्याला घेऊन आतल्या रस्त्याने ये, नदीच्या फाट्यावर मी उभा असेन. ती लिहून घेत होती, मध्ये मध्ये थांब बोलत होती. खाली सखुबाईने चूल पेटवायला घेतली होती. काकू तिला काटक्या मोडून देत होत्या.